गटार तुंबली तर कुणाकडं जायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पुण्याहून गणपतीला माहेरी आलात, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, नववीतल्या भाच्याला सहज विचारलं की आपले मुख्यमंत्री कोण, त्यानं महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांचं नाव सांगितलं. मग आमदार आणि खासदार ह्यात फरक काय विचारलं तर "खासदार मोठा असतो" म्हणाला, आणि ग्रामपंचायतीचं विचारल्यावर मोबाईलात डोकं घालून बसला. आता तुम्हाला पडलेला प्रश्न असा की शाळा बिघडल्या की मुलं बिघडली, आणि घरच्यांनी करायचं काय.

मी 31 वर्षं समाज विज्ञान शिकवलं, सगळं मराठी माध्यमात, पहिली काही वर्षं जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात आणि नंतर बेळगावजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कूलात. आता रिटायर आहे, त्यामुळं वेळ भरपूर आहे आणि बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसची भीती नाही, तर जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, भाच्यावर एवढं रागावू नका. "खासदार मोठा असतो" हे उत्तर मला दरवर्षी यायचं, आणि खरं सांगायचं तर कितीतरी मोठ्या माणसांचंही तेच उत्तर असतं, ते फक्त जरा सजवून सांगतात. आणि मुख्यमंत्र्यांचं म्हणाल तर तो पोरगा घरात कुठल्या बातम्या बघतो ते बघा की. मुंबईचे मराठी चॅनेल. मोबाईलवर येतं ते सगळं मराठी, म्हणजे पुन्हा महाराष्ट्राचं. त्याच्या कानावर दिवसातनं वीस वेळा जे नाव पडतं ते त्यानं सांगितलं. ज्या सरकारच्या शाळेत तो शिकतो, शाळेत ज्या सरकारचं दूध पितो, त्या सरकारच्या बातम्या कन्नडमध्ये असतात आणि त्या घरात लावत नाहीत. ह्यात पोराची चूक किती?

मी नववीच्या वर्गात जूनच्या पहिल्या आठवड्यात एक प्रश्न टाकायचो. नावं विचारायचो नाही, नावं पाठ करून काय होत नाही, निवडणूक झाली की बदलतात. मी विचारायचो, घरासमोरची गटार तुंबली तर कुणाकडं जायचं? उत्तरं अशी यायची: आमदाराकडं. मोदींकडं. पोलिसांकडं. एकानं सांगितलं कलेक्टरकडं, तो हुशार समजला जायचा. आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला "मामाकडं". सगळा वर्ग हसला. मी विचारलं मामा काय करतात, तर मामा ग्रामपंचायत मेंबर. वर्गात बरोबर उत्तर त्याचं एकट्याचंच होतं, आणि तो सहामाहीत समाज विज्ञानात नापास झाला होता.

मुलांना काही कळत नाही असं नसतं, घरातलं गावातलं त्यांना बरंच कळत असतं. रेशन कार्डावर कुणाचं नाव लागलं नाही, उताऱ्यावर काकाचं नाव कसं चढलं, लाईट गेली की हेस्कॉमच्या कुठल्या लाईनमनला फोन करायचा, हे नववीतल्या पोराला पक्कं माहीत असतं. फक्त हेच नागरिकशास्त्र आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि पुस्तकात जे आहे त्याचा ह्या सगळ्याशी संबंध त्याला लागत नाही.

आणि आपल्या भागात तर तो संबंध लागणं दुप्पट अवघड. बघा, मराठी मूल सिनेमात, सिरीयलमध्ये, गोष्टीत "सरपंच" ऐकतं. आपल्याकडं सरपंच नाहीच. कर्नाटकात ग्रामपंचायतीला अध्यक्ष असतो आणि त्याला निवडून आलेले मेंबर आपल्यातनं निवडतात, महाराष्ट्रात सरपंच थेट लोक निवडतात. तिकडं ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), इकडं पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. तिकडं पंचायत समिती आणि तिचा सभापती, इकडं तालुका पंचायत आणि तिचा अध्यक्ष. तिकडं सातबारा, इकडं पहाणी, पण गावात म्हणताना सगळे उताराच म्हणतात. तिकडं जिल्हाधिकारी, इकडं डीसी. तिकडं विधानसभा 288 ची, इकडं 224 ची. महाराष्ट्रातल्या चंदगडची आत्येबहीण आणि खानापूरचा मामेभाऊ सुट्टीत एकत्र अभ्यासाला बसले की दोघांची उत्तरं वेगळी आणि दोघांचीही बरोबर. मी हे डोळ्यानं बघितलंय, त्या दोघांचं भांडण सोडवायला घरात एकालाही येत नव्हतं, शेवटी आजी म्हणाली दोघंबी गप जेवा.

आता तुम्हालाच एक विचारतो. तुमच्या माहेरचा खासदार कुठल्या मतदारसंघाचा? बेळगावचा म्हणाल तर चुकलात. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा, त्यातल्या आठ बेळगाव लोकसभेत, आठ चिक्कोडीत, आणि उरलेल्या दोन, खानापूर आणि कित्तूर, ह्या उत्तर कन्नड लोकसभेत. म्हणजे खानापूरच्या माणसाचा जिल्हा बेळगाव, डीसी बेळगावचा, आणि खासदार घाटाखालच्या कारवार-शिरसीच्या लोकांबरोबर वाटून घेतलेला. मी ट्रेनिंगमध्ये हे शिक्षकांना विचारायचो, तिथंही निम्मे हात चुकीचे वर यायचे. मग पोरानं काय करायचं?

आता शाळेकडं येतो.

मी शिकवत होतो तेव्हा आठवी ते दहावी समाज विज्ञानाच्या एका पुस्तकात सहा विषय होते: इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन. सहा विषय, एक मास्तर, पेपर 80 मार्कांचा आणि 20 इंटर्नल. त्यात इतिहास मोठा, भूगोलात नकाशाचे मार्क, मग राज्यशास्त्राला उरतं ते उरतं. आणि खरी गोम पुढं आहे. संघ सरकार, राज्य सरकार, न्यायव्यवस्था, निवडणूक हे सगळं नववीत. दहावीत काय, तर भारतापुढची आव्हानं, परराष्ट्र संबंध, जागतिक संघटना. एस.एस.एल.सी., म्हणजे बोर्डाची परीक्षा, दहावीला असते म्हणून कितीतरी शाळांत नववीच्या जानेवारीपासनं दहावीचा पोर्शन सुरू होतो, नववीचं उरकून टाकतात. परिणाम असा की पोराला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्य पाठ, पण विधान परिषद आणि विधानसभा ह्यातला फरक विचारला की टकमक बघतो. ग्रामपंचायत तर हायस्कूलला यायच्या आधीच येऊन गेलेली असते, पोर अकरा-बारा वर्षांचं असताना, तेव्हा त्याला त्याचं काय पडलेलं असतंय.

भाषेचं दुखणं वेगळंच. पुस्तक मूळ कन्नड-इंग्रजीत तयार होतं आणि मग मराठीत येतं. भाषांतर करणारे मेहनत घेतात, नाही म्हणत नाही, पण कन्नडमध्ये शासकांग, कार्यांग, न्यायांग आणि मराठीत कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, ही दोन्ही पोराच्या कानावर पडतात आणि त्याची सहा खाती होतात. एका मुलीनं मला विचारलेलं, सर, संविधान मोठं की राज्यघटना मोठी? कारण पंचायतीच्या भिंतीवर कन्नडमध्ये संविधान लिहिलेलं आणि मी शिकवताना राज्यघटना म्हणायचो. तिला वाटायचं दोन वेगवेगळी पुस्तकं आहेत. चूक माझी होती, तिची नव्हती, त्या दिवसापासनं मी दोन्ही शब्द जोडीनं म्हणायला लागलो.

2023 पासनं शाळाशाळांतनं उद्देशिका वाचायला लावतात. चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण प्रार्थनेच्या लाईनीत उभं राहून "सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य" एका दमात म्हणायची शर्यत लागते, पाढ्यासारखी. आमच्या ओळखीच्या एका पोराला मी सहज विचारलं की "दर्जाची व संधीची समानता" म्हणजे काय रे, तर म्हणाला संधी म्हणजे स्वरसंधी. व्याकरणात शिकलेला ना. त्याच्या दृष्टीनं बरोबरच की! कुणीतरी एकदा थांबून सांगायला पाहिजे होतं की तू आणि डॉक्टरचा मुलगा एकाच नोकरीचा फॉर्म भरू शकता, त्याला संधीची समानता म्हणतात. दोन मिनिटांचं काम आहे, पण दोन मिनिटं थांबणारा माणूस वर्गात पाहिजे ना.

तो माणूस कुठं असतो ते सांगतो. बीएलओ म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार फिरत असतो. नाहीतर सर्व्हे करत असतो, 2025 च्या जातनिहाय सर्व्हेला तर शिक्षक जुंपले म्हणून शाळांची दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवली. शिक्षणहक्क कायद्यात, 2009 च्या, कलम 27 मध्ये स्पष्ट लिहिलंय की दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढं सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही. पण निवडणूक एवढ्या एका शब्दातच वर्षाचे किती दिवस जातात ते आम्हाला विचारा. देशाची लोकशाही चालवायला मास्तर पाहिजे, आणि ती शिकवायच्या तासाला मास्तर नाही. मी स्वतः सहा-सात निवडणुका केल्यात, त्यात मजाही आली, पण परत आल्यावर राहिलेला धडा कोणी भरून काढला नाही.

त्यात मराठी शाळांची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. माणूस रिटायर झाला की त्या जागी वर्षाच्या बोलीवर अतिथी शिक्षक, त्याचा पगार कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि तो पोरगा किंवा पोरगी बहुतेक वेळा चांगलं शिकवते बरं का, पण मार्चमध्ये गेली की जूनमध्ये पुन्हा नवीन. जंगलाकडच्या वाड्यांत तर एकच मास्तर, चार वर्ग, बाहेर धो धो पाऊस. ज्याला परवडतं तो पोराला इंग्रजी माध्यमात घालतो, पट कमी होतो, पट कमी झाला की शिक्षक कमी, शिक्षक कमी की पट आणखी कमी. 2024 ला एस.एस.एल.सी. परीक्षेवर कॅमेरे लावून वेबकास्टिंग केलं तेव्हा राज्याचा निकाल 83.89 टक्क्यांवरनं 73.40 वर आला, आणि तोसुद्धा ग्रेस मार्क वाढवून. तेव्हा मराठी शाळांतच बिघडलंय असं नाही, सगळ्या राज्याचंच ते आहे. फक्त आपल्या शाळा आधीच वाकलेल्या, त्यांना जास्त लागतं.

पण सगळं सरकारवर ढकलून मोकळं होत नाही मी. शाळांनाच नागरिकशास्त्र कितपत पाहिजे असतं ह्याचा एक अनुभव सांगतो, शाळेचं नाव घेत नाही. तुम्हाला माहीत असेल, शाळेत जून-जुलैमध्ये शाळा संसदेची निवडणूक होते. मतदान, शाई, आजकाल तर मोबाईलवर ईव्हीएमसारखं ॲप, बीप वाजतं, पोरं खूश. मग शाळेचा मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री शपथ घेतात, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवसापासनं मुख्यमंत्री घंटा वाजवतो आणि आरोग्यमंत्री व्हरांडा झाडून घेतो. वर्षभर एवढंच.

मी एका वर्षी म्हटलं विरोधी पक्षनेता पण करूया. हरलेल्यांतली एक मुलगी झाली. तिला मी एवढंच सांगितलं की महिन्यातनं एकदा तू मंत्र्यांना प्रश्न विचारायचेस आणि त्यांनी उभं राहून उत्तर द्यायचं. पहिल्या महिन्यात तिनं क्रीडामंत्र्याला विचारलं की कबड्डीचं साहित्य फक्त मुलांनाच का मिळतं. दुसऱ्या महिन्यात आरोग्यमंत्र्याला विचारलं की मुलींच्या टॉयलेटला कडी का नाही. तिसऱ्या महिन्यात विचारलं की अंडी आली किती, वाटली किती, वहीत दाखवा. बस्स. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं, "सर, हे पोरांच्या डोक्यात काय घालताय तुम्ही?" पुढच्या वर्षीपासनं विरोधी पक्षनेता बंद. टॉयलेटला कडी मात्र लागली, हे सांगायला पाहिजे. ती मुलगी दहावीला राज्यशास्त्रात फार चमकली नाही, पण प्रश्नोत्तराचा तास म्हणजे काय हे तिला जन्मात कुणी शिकवायची गरज नाही.

आणि हलग्याजवळ आपल्या दारात सुवर्ण विधान सौध, म्हणजे कर्नाटकाचं बेळगावातलं विधानभवन, उभा आहे, 2012 पासनं. हिवाळी अधिवेशन आलं की आपल्याला काय दिसतं, तर बंद केलेले रस्ते, पोलीस आणि आंदोलनाचे मांडव. एकदा पास मिळवून मुलांना गॅलरीत नेलं होतं. अर्ध्या जणांना कन्नड एवढं भराभर कळेना, एक कानात कुजबुजतोय "सर, तेनी काय बोलूलेत?" मी म्हटलं गप बघ. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर विचारलं काय बघितलं, तर बहुतेकांनी सांगितलं रिकाम्या खुर्च्या आणि एसी. पण एक मुलगी म्हणाली, सर, ते एकमेकांशी भांडत होते तरी बघत मात्र समोरच्या अध्यक्षांकडंच होते, दर वाक्याला अध्यक्षरे अध्यक्षरे म्हणत होते, असं का? मी जागेवरच तिला दुसरा चहा सांगितला. तो प्रश्न मला बी.एड.ला असताना पडला नव्हता. भांडण थेट एकमेकांशी न करता मधल्या माणसामार्फत करायचं, म्हणजे हातघाईवर येत नाही, ही सगळी व्यवस्थाच त्यासाठी आहे, हे तिथं टपरीवर दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती. आपण सीमाभागातले लोक. आपल्या घराघरात 1956 ला बेळगाव इकडं घातलं त्या राज्य पुनर्रचनेचं बोलणं आहे, 17 जानेवारीचा हुतात्मा दिन आहे, 1 नोव्हेंबरचा काळा दिवस आहे, महाराष्ट्र मागतो त्या 865 गावांची घोषणा आहे. माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराला घोषणा पाठ होत्या. पण राज्याच्या सीमा बदलायचा अधिकार कुणाला विचारलं की कुणी म्हणायचं मुख्यमंत्र्यांना, कुणी म्हणायचं कोर्टाला, कुणी म्हणायचं आंदोलन केलं की होतं. घटनेचं कलम 3 म्हणतं तो अधिकार संसदेला आहे. विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते, संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही, आणि साध्या बहुमतानं होतं. 2014 ला तेलंगण असंच झालं. आणि महाराष्ट्रानं 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात दावा टाकला तो कलम 131 खाली, दोन सरकारांमधला वाद थेट सुप्रीम कोर्टातच जातो, खालच्या कोर्टात नाही. महाजन आयोग 1966 ला नेमला, 1967 ला अहवाल आला, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवा म्हणाला, निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्या म्हणाला, आणि तो अहवाल महाराष्ट्रानं मान्य केला नाही. आयोग सल्ला देतो आणि संसद कायदा करते, ह्या एका फरकासाठी अख्खं घटनेचं पुस्तक उघडून दाखवता येतं, आणि उदाहरण घरचंच आहे. थेट सुप्रीम कोर्टात दावा नेता येतो ते मूळ अधिकारक्षेत्र, हा शब्द राज्यातल्या बाकीच्या पोरांना घोकून पाठ करावा लागतो, आपल्या पोरांनी तो जगलेला आहे.

वर्गात मी बाजू घेत नव्हतो, हे सांगून टाकतो. माझ्या वर्गात कन्नड घरची दोन-तीन मुलं असायची, उर्दू घरची असायची. माझं मत माझ्या घरी. पण कुठल्याही बाजूचं मूल असो, त्याला दार कुठलं ठोठवायचं ते कळलं पाहिजे एवढं माझं म्हणणं. तसंच कलम 350क. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यांनी करायची, हे 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं घटनेत आलं, ज्या वर्षी बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं त्याच वर्षी, त्याच उलथापालथीमुळं. म्हणजे भाचा ज्या मराठी शाळेत बसतो तिचा आधार त्या कलमात आहे. त्याला हे कुणी सांगितलंय का? मला नाही वाटत.

आणि एक गंमत. 1996 च्या लोकसभेला आपल्या बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं माणसं उभी केली. त्याच वर्षी आंध्रात नलगोंड्याला 480 आणि तमिळनाडूत मोडकुरिचीला विधानसभेला 1033. ह्या तीन ठिकाणांनी निवडणूक आयोगाला घाम फोडला आणि त्याच वर्षी कायदा बदलला, लोकसभेचं 500 रुपयांचं डिपॉझिट 10,000 झालं, आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसेल त्या उमेदवाराला दहा सूचक लागायला लागले. आता ते डिपॉझिट 25,000 आहे. मी हे वर्गात सांगितलं आणि म्हटलं घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी एक पोरगा छाती काढून आला, त्याचे आजोबा त्या 456 मधले एक निघाले. आजोबांना त्यानं विचारलं, मग निवडून का नाही आला? आजोबा म्हणाले, निवडून यायला उभाच नव्हतो. त्या एका वाक्यावर मी दोन तास घेतले. डिपॉझिट जप्त कधी होतं, वैध मतांचा सहावा हिस्सा म्हणजे किती, निषेध म्हणून उमेदवारी करता येते का, करावी का, नंतर खऱ्या गरीब अपक्षाला त्या वाढलेल्या डिपॉझिटचा फटका बसला की नाही. वर्गात भांडणं झाली, चांगली भांडणं. पोर्शन राहिला.

जिल्हा पंचायतीचं तर बोलायलाच नको. पुस्तकात लिहिलंय दर पाच वर्षांनी निवडणूक. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतीची निवडणूक 2016 ला झाली, 2021 ला मुदत संपली आणि त्यानंतर वर्षामागनं वर्षं तशीच गेली. आज नववीत असलेल्या पोरानं समजायला लागल्यापासनं जिल्हा पंचायतीचा मेंबर नावाचा प्राणी बघितलेलाच नाही, त्याला तो धडा म्हणजे डायनासोरचा धडा. खरा प्रश्न तर हा विचारायला पाहिजे की निवडणूक झाली नाही तर कारभार कोण चालवतो. पण हा प्रश्न पेपरात येत नाही.

बरं, आता करायचं काय, हे तुमचं खरं विचारणं. क्लास लावू नका. नावांच्या याद्या पाठ करून घेऊ नका. तुमच्या बहिणीच्या घरात कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीत जी कागदं आहेत ती बाहेर काढा: रेशन कार्ड, उतारा, लाईट बिल, घरपट्टीची पावती, मतदार कार्ड, बँकेचं पासबुक. एकेक कागद पोरासमोर ठेवा आणि एवढंच विचारा, हा कुणी दिला? घरपट्टी ग्रामपंचायतीची, लाईट राज्याच्या कंपनीची, मतदार कार्ड निवडणूक आयोगाचं, जो ना राज्य सरकारचा ना केंद्र सरकारचा नोकर. एक संध्याकाळ पुरते. मी पालकांना हेच सांगायचो, ज्यांनी केलं त्यांच्या पोरांना पुढं राज्यसूची, केंद्रसूची वगैरे सांगायला अर्धा तास लागला.

मग पासबुक उघडून आईला महिन्याला येणारे 2000 रुपये दाखवा. कितीतरी पोरं आमच्याकडं त्याला "लाडकी बहीण" म्हणतात, टीव्हीवर तेच ऐकतात म्हणून. ती गृहलक्ष्मी, कर्नाटकाची. लाडकी बहीण महाराष्ट्राची, 1500 ची, ती चंदगडच्या मावशीला मिळते. दोन सख्ख्या बहिणी, मधे एक नाका, दोन वेगळ्या योजना. राज्य सरकार म्हणजे काय हे ह्याच्यापेक्षा सोपं करून मला तरी सांगता येणार नाही. ह्यावरनं पोरगा विचारेल की पैसे जास्त देतं ते सरकार चांगलं का, तर विचारू दे, उत्तर देऊ नका लगेच.

उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला काढायला भाऊजी नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या ऑफिसात, जातील तेव्हा पोराला बरोबर पाठवा. पोचपावतीवर एक नंबर असतो आणि तारीख असते. 2011 चा सकाल कायदा आहे, ठरलेल्या दिवसात काम झालं नाही तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 पर्यंत, अर्जदाराला मागता येतात. 20 रुपयात काही होत नाही, पण साहेबाच्या टेबलासमोर उभा असलेला आपला बाप याचक नाही, त्याच्या हातात मुदतीचा कागद आहे, हे चौदा वर्षांच्या पोराला दिसलं पाहिजे. शाळेतल्या हक्क आणि कर्तव्याच्या धड्यात हे दिसत नाही.

गावात मक्कळ ग्रामसभा होते का बघा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, पंचायतीनं वर्षातनं एकदा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी फोटोपुरती होते, बिस्किटं वाटतात. तरी पाठवा, आणि जाताना एक प्रश्न लिहून न्यायला सांगा.

शेवटी जरा कडू बोलतो, आपलीच काही माणसं रागावतील. कन्नड शिकवा त्याला. मराठी सोडायची नाही, शाळा मराठीच ठेवा, त्या बाजूनं मी आयुष्यभर उभा राहिलोय. पण पीडीओच्या टेबलावरचा कागद कन्नड, उतारा कन्नड, माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो असं 2005 चा कायदा म्हणतो, म्हणजे इथं कन्नड. आपल्या भाषेत कागद मिळावेत म्हणून भांडायचं तरी समोरचा कागद आधी वाचता आला पाहिजे. माझे कितीतरी हुशार विद्यार्थी ह्या एका गोष्टीपायी ऑफिसात एजंटाच्या मागं उभे राहिलेले मी बघितलेत, आणि एजंट दहावी नापास, पण त्याला कन्नड येतं.

तुम्ही पुण्याला जायच्या आधी एक संध्याकाळ मिळाली तर तो उतारा पोराबरोबर बसून वाचा. तुम्हालाही सगळा लागणार नाही, हरकत नाही, शेजारच्या कुणाला तरी बोलवा. सर्व्हे नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव, पिकाचा रकाना. पिकाच्या रकान्यात बहुतेक करून भात लिहिलेलं असेल, आणि भाऊजींच्या शेतात गेली तीन वर्षं ऊस असेल. पोरगा विचारेलच की हे चुकीचं कुणी लिहिलं आणि दुरुस्त कुणाकडं करायचं. तिथनं पुढं त्याला तुमची गरज लागणार नाही.